निशाणाच्या नावेचा लंगर

आमच्या ह्यांना देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या. एक वेल्डिंगचा हात, आणि दुसरं त्या हाताचं कौतुक करायला तोंड. सांगलीत नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला आमचं दुकान. कुणी साधं खिडकीचं ग्रिल न्यायला आलं, तरी ग्रिलबरोबर त्याला अर्धा तास व्याख्यान मिळायचं. “हा सांधा बघा. बोट फिरवा. लागतंय का हाताला काही?” गिऱ्हाईक बिचारं बोट फिरवायचं आणि मी आतून चहा आणायची. मी वाईची. आमच्या माहेरी माणसं काम करतात आणि गप्प बसतात, असं मी ह्यांना वरचेवर ऐकवते. त्यावर हे म्हणतात, “तुला तेवढं वगळून.”

तर ही गोष्ट शहाण्णव सालची. आमच्यापासून सायकलच्या अंतरावर मळीवाडी आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या घाटावर होड्यांच्या शर्यती असतात. गावात वरची आळी आणि खालची आळी. एरवी एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसणारी माणसं त्या दिवशी एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. होड्या घाटावरून सुटतात, नदीच्या मधोमध एक नाव भगवं निशाण लावून उभी असते तिला वळसा घालतात आणि परत घाटाला लागतात. आता ही निशाणाची नाव जरा जरी सरकली, तरी एका आळीला वळसा जवळ पडतो आणि दुसरीला लांब. मग वल्ही पाण्यातून निघतात ती थेट डोक्यात बसतात. म्हणून गावानं फार पूर्वीच ठरवून ठेवलंय, की निशाणाच्या नावेत माणूस एकच बसणार, आणि तो दोन्हीपैकी कुठल्याच आळीचा नसणार. दुसरी होडी त्याला ओढत मधोमध नेणार, दोर सोडून बाजूला होणार, आणि हलगी थांबली की त्यानं स्वतःच्या हातानं लंगर टाकायचा. दुसऱ्या कुणी हात लावला की मान गेला.

हा मान वीसेक वर्षं हरिबाचा. हरिबा मूळचा आटपाडीकडचा. जिथं टँकर आला की सणासारखी धावपळ होते, तिथला हा माणूस मेंढरं घेऊन नदीकाठाला आला, इथंच राहिला आणि चक्क नावाडी झाला. तो मळीवाडीचा नाही म्हणून तर त्याला मान, आणि त्या मानापुरता तरी तो मळीवाडीचा. त्या दिवशी पाटील त्याला हाताला धरून ओट्यावर बसवतात आणि त्याच्या बायकोला, हरणाबाईला, गावातल्या बायका आधी कुंकू लावतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तो ‘धनगराचा हरिबा’. एवढंच त्याचं सुख, पण ते त्याला वर्षभर पुरतं.

आदल्या वर्षी मात्र घोळ झाला. हलगी थांबली, लंगर पडायला उशीर झाला आणि नाव चांगली वाहत खाली गेली. खालच्या आळीची मारामारी, वरच्या आळीच्या शिव्या, शर्यत रद्द. आणि सगळ्यांनी मिळून खापर कुणावर फोडलं? लंगर करणाऱ्या मिस्त्रीवर, म्हणजे आमच्या ह्यांच्यावर. “लंगर हलका केलाय. लोखंड खाल्लंय मिस्त्रीनं!” हे इतके भडकले, की पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दुकानात बोलावून लंगराचं वजन समजावून सांगत होते. मलाही सांगितलं. रोज.

ज्येष्ठात एका दुपारी हरणाबाई दारात उभी. डोक्यावरची पाटी उतरवली, पाणी प्याली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

“वैनी, तुमच्या मालकाचा लंगर चांगला व्हता वं. म्हाताऱ्याचा खांदा गेलाय. म्हस गाळात रुतली, ती वढताना गेला. उजवा हात छातीच्या वर जात न्हाई. गेल्या साली लंगर उचलायलाच जमंना, म्हणून उशीर झाला. कुणाला सांगू द्येत न्हाईत. आन् आता मंडळाचं अध्यक्ष लालासाहेब म्हणत्यात, औंदा नाव हातभर जरी हालली तर म्होरल्या सालापासनं मान मानसिंगला. त्यो मिल्ट्रीतनं आलाय, बाहेरगावचा हाय, दंडबी हायत त्याचं हे एवढं.”

हे मागच्या दारातून ऐकत होते. “म्हणजे लंगर माझा बरोबर होता!” असं ओरडतच आत आले. मी असं बघितलं ह्यांच्याकडं, की पुढचं वाक्य ह्यांनी गिळलं.

“मिस्त्री, कुणाला बोलू नगा,” हरणाबाई हात जोडून म्हणाली. “हात गेला ह्ये कळलं, की मान गेलाच. म्हातारा न्हाई वाचायचा त्यातनं.”

“ह्यांना सांगताय?” मी म्हटलं. “त्यापेक्षा आकाशवाणीला सांगायचं होतं.”

पण हे माझ्यावर चिडले नाहीत. जमिनीवर बसले, खडू घेतला आणि फरशीवर होडीचं तोंड काढायला लागले. “उचलून फेकायचा म्हणून तर खांदा लागतो,” हे म्हणाले. “नाहीच उचलायचा. लंगर आधीच नावेच्या तोंडावर बसवून ठेवू. नुसती खिट्टी ओढली की गेला पाण्यात. डाव्या हाताच्या दोन बोटांचं काम.”

ऐकायला काय सोपं! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. खरी गंमत तर मळीवाडीला गेल्यावर सुरू झाली.

पहिला अडसर हरणाबाईच. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. तिथं ती दर अमावस्येला हळदकुंकू लावते, पंचमीला तिथंच नारळ फुटतो. “नाळेवर लोखंड टांगायचं न्हाई,” ती म्हणाली. “कपाळ हाय त्ये नावेचं. कपाळावर कुणी कुदळ बांधतं व्हय?” हरिबाही मान हलवायला लागला. हे शास्त्र समजावायला गेले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हे म्हणाले, “बरं बाई, मागं बसवतो. मागनं टाकू.”

मागं बसवला. ह्यांनी जुना चार वाकड्या आकड्यांचा लंगर काढून नवा केला होता. लांब दांडी आणि टोकाला कुदळीसारखा एकच रुंद फाळ, म्हणजे लोळायचा प्रश्न नाही. पहाटे घाटावर कुणी नसताना हरिबा आणि हे नावेत बसले. मी आणि हरणाबाई काठावर, हातात नावेला बांधलेला दोर घेऊन, कारण आमच्या ह्यांना पोहता येत नाही आणि हे मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. आषाढातली नदी, लाल पाणी, ओढ चांगलीच. हरिबानं लंगर ढकलला. तो तळाला रुतला, नावेनं गिरकी घेतली आणि तिची पाठ धारेकडं झाली. होडीची पाठ ती, बसकी आणि सपाट. पाणी थेट आत! हे घमेल्यानं पाणी उपसतायत, हरिबा दोर तोडायला विळा शोधतोय, आणि आमचे हे त्यातही ओरडतायत, “धरला का नाही? लंगर धरला का नाही बघा!”

शेवटी लंगर सुटला आणि आम्ही दोघींनी नाव कशीबशी ओढून आणली. दोघंही नखशिखान्त भिजलेले. मला हसू आवरेना, आणि हातातला दोरही सोडवेना. हरणाबाई मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून नावेकडं बघत राहिली.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “आपुन दोघंबी येडं. बैलाला कुणी शेपटीला धरून उभा करतंय व्हय? वेसणीला धरत्यात. मिस्त्री, पुढनंच घाला त्ये.”

“आणि कपाळ?” मी विचारलं.

“बेंदराला बैल पुजतो आन् नवी वेसणबी घालतो की वैनी. नारळबी फोडू, वेसणबी घालू.” झालं. तिनं स्वतःच अडवलेली वाट स्वतःच मोकळी केली आणि वर आम्हालाच वेड्यात काढलं.

मग ह्यांनी नाळेवर लोखंडी पट्ट्यांची खोबण केली, तोंडाला एक फिरता रूळ बसवला, त्यावर लंगराची दांडी आडवी आणि फाळ नाळेच्या खाली वळवून ठेवलेला. मागं खिट्टी. दिसायला असं देखणं, की हे स्वतःच दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले. नाव काठालाच उभी करून हरिबाला खिट्टी ओढायला लावली.

हरिबानं ओढली. लंगर जागचा हलला नाही.

“जरा ढकल,” हे म्हणाले. हरिबानं डाव्या हातानं ढकलला. तो इंचभर सरकला आणि पुन्हा बसला. “लाथ घाल.” लाथ घातली तेव्हा लंगर गेला आणि त्याच्याबरोबर हरिबाही जाता जाता राहिला.

“देखणा आहे,” मी म्हटलं. “जावई करून घ्यावा असा. नुसता बसून राहतो.”

मग दोन दिवस हे दुकानातून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, “उमा, त्याचा एवढा एकच दिवस गं. तो माझ्यामुळं जायला नको.” ह्यांच्या तोंडून असलं काही ऐकायची मला सवय नाही. मला एकदम गलबलून आलं, आणि असं काही झालं की मी चिडते, तशी चिडले. तळणीतला झारा काढून कढईच्या काठावर आपटून ठेवला आणि म्हटलं, “मग भिंतीकडं बघून काय होणार आहे?”

झारा क्षणभर काठावर राहिला आणि जड बाजू बाहेर होती म्हणून खाली गेला. ठण्णकन. तेलाचे थेंब सगळ्या फरशीवर. मी तोंड उघडणार तोच हे उठून उभे राहिले.

“पुन्हा ठेव.”

“काय?”

“झारा. तसाच ठेव पुन्हा!”

मी झारा कढईवर ठेवायचा, त्यांनी तो पाडायचा. दांडी जास्त आत, की बसून राहतो. डोकं जास्त बाहेर, की आपोआप जातो. संध्याकाळची पुरी-भाजी तशीच राहिली आणि आम्ही दोघं चाळिशीची माणसं कढईशी खेळत बसलो. “रूळ आणखी पुढं हवा आणि खोबण उतरती!” हे नाचायचेच बाकी होते. “लंगराचं डोकं जड, ते रुळाच्या बाहेर गेलं पाहिजे. मग तो स्वतःच जायला बघणार. आपण फक्त त्याला अडवून धरायचं.”

आणि अडवून धरणंच जमेना! पुढच्या खेपेला लंगर इतका उतावीळ झाला, की हरिबानं खिट्टीला हात लावायच्या आधीच सुटला आणि जाता जाता फाळाचं टोक नाळेच्या फळीत घुसलं. हरणाबाईनं कपाळावर हात मारला, स्वतःच्याही आणि नावेच्याही. मग ह्यांनी रूळ अजून वीतभर पुढं काढला, म्हणजे फाळ फळीपासून लांब लोंबेल, खिट्टी दुप्पट जाड केली, आणि दोराऐवजी लावलेली साखळी गुंतू नये म्हणून ती घमेल्यात वेटोळी घालून ठेवली. त्यानंतर हरिबानं खिट्टी ओढली, की सुर्रकन दांडी खाली, फाळ पाण्यात, मागोमाग घमेल्यातून साखळी खळखळत. डाव्या हाताच्या दोन बोटांचं काम! हरिबानं पुन्हा पुन्हा सोडून बघितलं. वर ओढायचं काम आमच्या ह्यांचं. पण हे कुरकुरले नाहीत. हरिबा पोरासारखा हसत होता आणि हेही.

पंचमीचा दुसरा दिवस उजाडला. घाट माणसांनी फुललेला. नाळेवर रुळाभोवती हरणाबाईनं झेंडूच्या माळा इतक्या गच्च बांधल्या होत्या, की लोखंड दिसूच नये. दुसऱ्या होडीनं निशाणाची नाव मधोमध नेली आणि दोर सोडला. हलगी घुमत होती. हरणाबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. नदीला पाणी होतंच, नाव खाली सरकायला लागली, आणि हलगी थांबली.

हरिबा उभा राहिला. डावा हात खाली गेला आणि अंगाला एक झोका देऊन वर आला. लांबून अगदी फेकल्यासारखं दिसलं. खळखळ ऐकू आली, नावेनं एक हिसका घेतला, तोंड धारेकडं वळवलं आणि ती उभी राहिली. हलली म्हणून नाही! दोन्ही आळ्यांच्या होड्या आल्या, वळल्या, पाणी घुसळून गेल्या, आणि निशाणाची नाव आपल्या जागी. खालची आळी जिंकली. वरच्या आळीनं तोंड पाडलं, पण नावेबद्दल ब्र काढला नाही. “हरिबानं काय फेकलाय गड्या!” एक म्हातारा म्हणाला. “म्हातारा लय ताकदीचा.” हरणाबाई रडत होती आणि हसत होती.

मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा फुललेला, ओठ शिवशिवतायत. म्हटलं, आता हा माणूस काही गप्प बसत नाही.

मग निशाणाची नाव आणायला होडी गेली, तीत मानसिंग. त्यानं साखळी ओढून लंगर वर घेतला. तो रुळावर चढून आपसूक जागेवर बसला आणि हरिबानं खिट्टी पुन्हा लावली, तशी मानसिंगच्या भुवया वर गेल्या. माळा एव्हाना भिजून खाली लोंबत होत्या. नाव घाटाला लागली आणि तो मोठ्यानं म्हणाला, “अध्यक्ष, हे बघा की! ही तर आटोमॅटिक सिस्टीम हाय. खिट्टी काढली की काम खलास. ह्यात फेकायचं काय हाय?”

मानसिंग वाईट माणूस नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पण लालासाहेब पायऱ्या उतरून आले, वाकून बघितलं. हरिबाचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं पागोटं सारखं केलं, घसा खाकरला आणि म्हणाला, “आवं अध्यक्ष, खरं म्हंजे…”

“खरं म्हणजे फसलं ते,” आमचे हे मधेच बोलले. पायरीवरून पुढं झाले. “आपोआप सुटेल असं काहीतरी करायला गेलो मी. नाही जमलं. मधेच अडकतं, सुटतच नाही. आज पण अडकलं. हरिबांनी वेळेवर उचलून टाकला म्हणून निभावलं, नाहीतर गेल्या वर्षीसारखंच झालं असतं.”

“बघू की ओढून,” म्हणत मानसिंगनं खिट्टीला हात घातला.

“नका हो लावू हात,” हे म्हणाले. “फळी फुटेल त्यांची. काम कच्चं आहे माझं.”

कच्चं! सांगलीपासून मळीवाडीपर्यंत असा एक माणूस नव्हता ज्याला आमच्या ह्यांनी कधी ना कधी आपल्या कामाची थोरवी ऐकवली नव्हती. तो माणूस चारचौघांत म्हणतोय काम कच्चं, म्हणजे ते कच्चंच असणार. कुणाला शंका यायला जागाच नव्हती. मानसिंगनं हात काढून घेतला. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा घाट हसला. “मिस्त्री, शेवटी फसला की वं!” “आता ग्रिलंच करा!” “दोन वर्षं झाली, अजून एक लंगर जमंना!” हे हसत उभे राहिले, कान लाल झालेले. आणि मी! माझ्याच जिभेवर खरं येऊन बसलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, असा लंगर तुमच्या सात पिढ्यांनी बघितला नसेल. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

लालासाहेबांनी हरिबाच्या खांद्यावर शेला टाकला. चांगल्या खांद्यावर. “म्होरल्या पंचमीलाबी तूच रं बाबा,” ते म्हणाले. हरिबा नुसता आमच्या ह्यांच्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, मानाचं आहे.

आम्ही सायकल हातात धरून चालत निघालो. उसाच्या मधली वाट, चिखल, हे पुढं आणि मी मागं. कधी नव्हे ते हे गप्प. मला ते सहन होईना. मी भराभर चालून ह्यांना गाठलं आणि दंडाला धरून थांबवलं, त्या भर वाटेवर.

“अहो, बोला की.”

“काय बोलू?”

“तुमच्या लंगराबद्दल. रूळ किती पुढं घेतला, उतार किती दिला, खिट्टी कशी केली. मला सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करतेय का म्हणून. मग सायकल उसाला टेकवली, दोन्ही हात मोकळे केले आणि सुरू झाले. घर येईपर्यंत सांगत होते. खोटं कशाला बोलू, मी एकदाही मधे तोंड घातलं नाही.